कातरवाडीचा निळा ठिपका

पुणे, ८ डिसेंबर १९८६

ती. कुशाबाकाका आणि चंद्रकलाकाकू यांस,
जयाचा सप्रेम जयभीम.

पत्राला उशीर झाला म्हणून काका शिव्या घालत असणार. घाला, पण सगळ्या आत्ताच संपवू नका. पुढे मजकूर वाचताना लागतील.

नोकरी चांगली चालली आहे. कार्यालयात कॉम्प्युटरची वेगळी खोली आहे आणि तिला थंड हवेचं यंत्र लावलंय. माणसं उकडून निघाली तरी चालतं, कॉम्प्युटरला घाम येता कामा नये. आत जाताना देवळासारख्या चपला बाहेर काढाव्या लागतात. फरक एवढाच, की इथं चपला काढल्यावर आपल्याला आत घेतात.

माझं काम असं. मागच्या उन्हाळ्यात आपल्या मुळशी तालुक्यात पाण्याची पाहणी झाली. घरटी एक फॉर्म भरला: पाणी कुठून आणता, किती लांबून आणता. ते सगळे फॉर्म आता कॉम्प्युटरच्या पोटात आहेत. आकड्यांचे कागद छापले तर पुण्यापासून पौडापर्यंत अंथरता येतील आणि वाचणारा भूगावातच झोपेल. म्हणून आमचे मोहिद्दीन सर म्हणाले, आकडे वाचायचे नाहीत, बघायचे. सर आपल्या पौडचेच, बाजारात त्यांच्या वडिलांचं भांड्यांचं दुकान होतं. तर पडद्यावर तालुक्याचा नकाशा काढायचा आणि एका घराला एक ठिपका द्यायचा. पाणी जवळ असेल तर निळा, लांब असेल तर गुलाबी. पडद्याला मुळात तीन-चारच रंग येतात, त्यामुळे रंगावरून भांडायची सोय नाही. सगळे ठिपके पडले की तालुका कुठं तहानलाय ते एका नजरेत दिसतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी खुर्चीतून उठून उभीच राहिले. एवढा मोठा तालुका, आणि हात लावता येईल एवढ्या जागेत!

फेब्रुवारीत हे चित्र हातपंपाच्या समितीपुढं जाणार आहे. जिथं गुलाबी दाट, तिथं यंदा बोअर. बाकीच्यांनी पुढच्या वर्षाची वाट बघायची, आणि सरकारचं पुढचं वर्ष कसं असतं ते तुम्हाला माहीत आहे.

मी अर्थातच आधी कातरवाडी शोधली. रिहे खोऱ्यात, ओढ्याच्या वळणावर, आपली वस्ती. सापडली. आख्ख्या वस्तीचा मिळून एक ठिपका आहे. वरच्या माळावर शेतात सुटीसुटी घरं बांधून राहिलेली मंडळी आपल्या निम्मीसुद्धा नाहीत, पण त्यांचे गुलाबी ठिपके असे पसरलेत की जत्रा भरल्यासारखी दिसते. आणि आपला तो एकुलता एक ठिपका निळा आहे.

काका, त्या पाहणीवाल्याला काय सांगितलंत?

तुमची,
जया


कातरवाडी, १६ डिसेंबर १९८६

चि. जया हिस,
कुशाबा ओव्हाळ, निवृत्त हवालदार, यांचा जयभीम.

पत्र पोचले. तुझ्या यंत्राच्या बुद्धीची कीव आली. एवढी घरे, एवढी कुत्री, एवढी भांडणे, आणि एक ठिपका? एकट्या गेणबाच्या घोरण्याला एक ठिपका पुरायचा नाही.

पाहणी कशी झाली ते ऐक. तो माणूस आला तेव्हा उन्हाने भाजून निघाला होता. घरोघर हिंडला असता तर त्याच्यासाठी खांदेकरी शोधावे लागले असते. मी म्हणालो, "सायेब, तुमी कशाला हिंडताय? हितं बसा, वस्ती तुमच्याकडं येईल." विहारापुढे खुर्ची टाकली, खुर्चीवर उशी ठेवली, हातात सरबत दिले. मग शिट्टी मारली. घरटी एक कर्ता पुरुष, उंचीप्रमाणे एका ओळीत. मागे बायकांचा गलका होता, तो वगळता सर्व काही पलटणीसारखे झाले. त्याला इतका आनंद झाला की त्याने सगळ्या फॉर्मांवर जागा म्हणून एकच 'विहार' लिहून टाकले आणि दुपारच्या आत काम उरकले. जाताना म्हणाला, "हवालदार, अशी शिस्त आख्ख्या तालुक्यात पाहिली नाही."

मी ओळीत सर्वांत शेवटी उभा राहिलो. पलटणीत माणसे जेवल्याशिवाय अधिकारी जेवत नाही. मी काय उत्तर दिले ते आता नीटसे आठवत नाही, पण जे होते तेच सांगितले.

तरी यंत्र दुरुस्त करून घेणे. एकदा सायकलसारखे उलटे करून बघावे.

तुझा काका,
कुशाबा

(मागच्या घडीवर)
जया, मी काकू. हे पत्र चिकटवायला भाताची शितं आणायला उठलेत तोवर लिहिते. यांनी काय सांगितलं ते मला चांगलं आठवतंय, मी भिंतीआड भांडी घासत होते. तो म्हणाला, पाणी किती लांब? तर हे म्हणाले, "पानी? दारातच हाय." दारात रांजण आहे. तो रोज भुतं येऊन भरतात असं यांना वाटत असावं. बाकीच्यांच्या बायका मागून ओरडत होत्या म्हणून त्यांची उत्तरं तरी खरी गेली. मी पडले हवालदाराची बायको, मला ओळीत बोलायची परवानगी नाही. ओढ्यातल्या झिऱ्याची वाट तुला ठाऊक आहे. चढाला आता गुडघा ऐकत नाही. गावच्या विहिरीवर आपण गेलो की अजून नेमकं तेव्हाच कुणाचं तरी धुणं निघतं. पंप आला तर बघ बाई. शितं आली.


पुणे, २९ डिसेंबर १९८६

ती. काका-काकूंस,
जयाचा सप्रेम जयभीम.

काका, आमच्या कार्यालयात पत्र उलटसुलट करून वाचायची पद्धत आहे. घडीवरचा मजकूरही वाचला.

यंत्र उलटं करायची गरज नाही. भानगड अशी आहे की तुमच्या शिस्तीमुळं सगळ्या फॉर्मांवर जागा एकच लागली, म्हणून सगळे ठिपके एकाच जागी पडले, एकावर एक. गोधड्यांची चळत रचली की वरची तेवढी दिसते, तसं. खाली सगळी वस्ती गुलाबी आहे. सगळ्यांत वर शेवटचा फॉर्म, म्हणजे हवालदार कुशाबा ओव्हाळ, पाणी दारात, निळा. तुमच्या एका ठिपक्याखाली आख्खी वस्ती झाकली गेली आहे. लहानपणी मीही तो चढ हंड्यासकट चढले आहे. तो निळा रंग बघून मला आधी रडू आलं आणि मग तुमचा राग आला. राग अजून आहे.

मी एक उपाय केला. एकावर एक पडलेले ठिपके जरा जरा बाजूला सरकवले. पंगतीत माणूस वाढला की आपण मांड्या आवळून जागा करतो ना, तेवढंच. लगेच सगळी घरं दिसायला लागली. पण मोहिद्दीन सरांनी चष्मा वर केला. म्हणाले, "जया, लोकांची घरं हलवायचा हक्क मुळशीत फक्त धरण बांधणाऱ्यांना आहे. आणि यातली दोन तू ओढ्यात टाकलीस." मी म्हटलं, सर, घरं हलवली तर खोटं, आणि न हलवता माणसंच गडप केली तर खरं? त्यावर त्यांनी चहा मागवला. सर चहा मागवतात तेव्हा त्यांच्याकडं उत्तर नसतं, पण ते हरलेलेही नसतात. 'विचार कर, काहीतरी वेगळं शोध' म्हणाले.

तोवर एक चांगली बातमी. ज्या जागांचा संशय आहे तिथं जानेवारीत तपासनीस प्रत्यक्ष जाणार आहे. मी भांडून आपली वस्ती त्यात घातली. तो आला की त्याला घरं दाखवा, झिऱ्याची वाट दाखवा. एकत्र असलो की एक दिसतो आणि सुटे असलो की सगळे दिसतो, एवढीच आपली अडचण आहे.

जया


कातरवाडी, २० जानेवारी १९८७

चि. जया हिस,
मोहीम फत्ते!

तुझे पत्र तीन वेळा वाचले आणि शत्रूची चाल ध्यानात आली. एकत्र असलो की एक, सुटे असलो की सगळे. अगं, हे आम्हाला पलटणीत पहिल्या आठवड्यात शिकवतात. गोळा होऊन उभे राहिलात की एका गोळ्यात खलास.

आज सकाळी जीपचा धुरळा रिह्याच्या बाजूला दिसला. मी शिट्टी मारली आणि हुकूम दिला, "पांगा!" झाडून सगळी वस्ती बाहेर काढली. बांधाबांधावर एकेक घरची माणसे उभी केली, दोघांच्या मध्ये भरपूर अंतर. कुणी टेकाडावर, कुणी ओढ्याच्या पलीकडे, युनूसच्या आंब्याखाली दोन कुटुंबे. युनूस आपल्यापैकी नाही, वीटभट्टीवाला, तोही उत्साहाने येऊन उभा राहिला. प्रत्येकाच्या हातात रिकामा हंडा. घरांना कड्या घालून घेतल्या, कुणी आत लपून कामचुकारपणा करू नये म्हणून. काय देखावा होता! आता वरच्या माळावरच्यांनी बघावे की जत्रा कुणाची मोठी.

जीप थेट विहारापुढे गेली. तपासनीस उतरला, इकडे तिकडे बघितले. मी टेकाडावरून हात हलवला. त्यानेही हात हलवला. सगळ्यांनी हंडे हलवले. मग तो कागदावर काहीतरी लिहून निघून गेला. जवळ येऊन विचारायचीसुद्धा गरज पडली नाही, एवढे स्पष्ट दिसत होतो.

आता तुझ्या पडद्यावर बघ आणि मोजत बस.

कुशाबा


पुणे, २७ जानेवारी १९८७

काका,

नमस्कार-चमत्कार नंतर.

तपासनिसाचा शेरा जसाच्या तसा देते: "वस्ती रिकामी. घरांना कड्या. एक बकरी आढळली. दूर शेतातून काही लोक हातवारे करत होते, पाखरं हाकत असावेत."

जिथं कुणी राहत नाही ती जागा पडद्यावरून काढून टाकायची, असा नियम आहे. काढली. आधी निळा का होईना, एक ठिपका होता. आता त्या जागी काळं आहे. काका, तुम्ही गोळा केलंत तेव्हा आपण एक झालो आणि पांगवलंत तेव्हा शून्य. एवढं गणित बिघडवायला आमच्या कॉम्प्युटरलाही जमलं नसतं.

मी त्या दिवशी जेवले नाही. सगळा तालुका रंगीबेरंगी, आणि माझं घर जिथं आहे तिथं काही नाही. मोहिद्दीन सरांनी शेरा वाचला, चष्मा पुसला आणि इतके हसले की शिपाई पाणी घेऊन आला. मग गंभीर होऊन म्हणाले, जुने फॉर्म मी पुन्हा आत घेतो, पण वस्तीकडून एक पत्र हवं, माणसं राहतात आणि त्या दिवशी काय झालं याचं. आणि शेवटच्या फॉर्मचं उत्तर चुकलं असेल तर ते ज्याच्या नावावर फॉर्म आहे त्यानं स्वतः दुरुस्त करून द्यायचं. काकूनं लिहून चालणार नाही.

म्हणजे तुम्हाला एवढंच लिहायचंय, की पाणी दारात नाही, लांब आहे. समितीची बैठक फेब्रुवारीच्या वीस तारखेला आहे. त्याआधी पत्र आलं नाही तर निळा ठिपका तसाच वर बसेल.

बाकी काहीही करू नका. शिट्टी काकूकडं द्या.

जया


कातरवाडी, ९ फेब्रुवारी १९८७

चि. जया हिस,

तुझे पत्र चंद्रकलेने आधी वाचले. त्याचे परिणाम कळवतो.

तिने पाणी आणणे बंद केले. पहिल्या सकाळी मी तांब्या रांजणात घातला तो खण्ण वाजला. मी विचारले, तर म्हणाली, "पानी दारातच हाय की. घ्या दारातनं." स्वतःपुरते पाणी ती शेजारच्या रत्नाबाईकडे जाऊन पिऊन येई. मी चहावाचून एक दिवस काढला. जवानाला हे कठीण नसते. दुसऱ्या दिवशी दाढीवाचून काढला. तिसऱ्या दिवशी हंडा उचलला.

उतारावर काही अडचण आली नाही. झिऱ्यात वाटीने पाणी भरावे लागते. एक वाटी भरली की ते पुन्हा झिरपेपर्यंत बसून राहायचे. तिथे बायका होत्या. हवालदार आले म्हणून त्यांनी उठून मला नंबर पुढे दिला असेल असे तुला वाटेल. नाही दिला. चढावर गेणबा भेटला आणि हसला. त्याचे हसणे मी लक्षात ठेवले आहे. हंडा घरापर्यंत पोचला, पाणी मात्र निम्मेच पोचले, उरलेले माझ्या अंगावरून गेले. चंद्रकलेने चहा टाकला. दोन दिवस मान वळत नाही. ती हे कधीपासून करते आहे याचा विचार मी त्या चढावर केला, पण तो इथे लिहायचा विषय नाही.

सोबत दुसऱ्या कागदावर वस्तीचे पत्र आहे, सगळ्यांच्या सह्या-अंगठ्यांसह. त्याखाली माझ्या फॉर्मची दुरुस्ती आहे, ती अशी: "पाहणीनंतर सदर पाणी आपल्या जागेवरून बरेच लांब गेल्याचे निदर्शनास आले आहे. कारण समजलेले नाही."

यापेक्षा जास्त मी लिहिणार नाही.

कुशाबा


पुणे, २४ फेब्रुवारी १९८७

ती. काका-काकूंस,
सप्रेम जयभीम.

काका, तुमची दुरुस्ती मोहिद्दीन सरांनी मोठ्यांदा वाचली आणि "इतकं सरकारी मराठी आपल्या कार्यालयातही कुणाला जमत नाही" म्हणून मंजूर केली. ठिपका गुलाबी झाला.

पण चळत चळतच राहिली. सगळे एकावर एक, वरून दिसायला एकच. सरकवायचं तर सरांना पटत नाही. मग मला सुचलं की हलवायचं नाही, पण ऐकवायचं. पडद्यावर जिथं आधीच ठिपका आहे तिथं दुसरा येऊन पडला की कॉम्प्युटरनं 'टुक्' करायचं, एवढंच मी त्याला शिकवलं. सरांना सांगितलं तेव्हा त्यांनी चहा मागवला नाही. म्हणून मला कळलं की आवडलंय.

बैठकीला समितीचे पाचसहा साहेब, सगळ्यांचे बूट बाहेर, पायमोजे फाटलेले. खोलीत अंधार केला. ठिपके पडायला लागले. माळावरची घरं मुकाट्यानं पडली, प्रत्येक आपापल्या जागी. साहेब लोक छान छान म्हणत होते. एक जण घड्याळ बघत होता. मग रिहे खोरं आलं, कातरवाडी आली.

टुक्. टुक्. टुक्. टुक्.

पडद्यावर काही हलेना, आवाज थांबेना. घड्याळवाले साहेब म्हणाले, "अडकलं वाटतं. बंद करून चालू करा." टुक्. टुक्. दुसरे म्हणाले, "बिघडलंय का हो?" टुक्. मोहिद्दीन सर आपल्या बाजारातल्या आवाजात म्हणाले, "बिघडलं न्हाई साहेब. ती घरं आहेत. अजून संपायची आहेत."

मग सगळे एका ठिपक्याकडं बघत ऐकत बसले. मी डोळे मिटून माणसं मोजत होते. हा गेणबा, ही रत्नाबाई, हे कोपऱ्यातलं पडकं घर. शेवटचा टुक् तुमचा होता काका.

तेवढ्यात घड्याळवाल्या साहेबांनीच विचारलं, "मग हे दिसत का नाहीत? जरा बाजूबाजूला घ्या की!" मी सरांकडं पाहिलं. सर म्हणाले, "घे. खाली लिही, दाटीमुळं जागा सरकवल्या आहेत." मी कळ दाबली. आपली वस्ती पडद्यावर उलगडली, गुलाबीच गुलाबी, माळापेक्षा केवढी तरी मोठी. दोन घरं ओढ्यात गेली ती कुणी काढली नाहीत. तालुक्यात असे टुक् आणखी बऱ्याच ठिकाणी झाले. कातकऱ्यांच्या वाड्या, धनगरांची घरं. जिथं जिथं पाहणीवाल्यांना एका जागी बसवून घेतलं होतं तिथं तिथं. आपण एकटेच पाहुणचारवाले नव्हतो.

यादीत कातरवाडी आहे. यंदाच्या यादीत.

तुमची,
जया


कातरवाडी, ३ मे १९८७

चि. जया हिस अनेक आशीर्वाद.

आज पत्र मीच लिहिते, घडीवर नाही, चांगलं मधे लिहिते.

पंप बसला. बोअरची गाडी आली तेव्हा यांनी दंडुक्यानं जागा दाखवली, "हितं हानायचं, हितं पानी हाय, मला म्हाईत हाय." तिथं नुसता धुरळा निघाला, वस्ती पांढरी झाली. मग गाडीवाल्यांनी त्यांच्या मनानं विहाराच्या पायरीजवळ घेतलं. तिथं लागलं. पहिलं पाणी लालसर होतं, तरी सगळ्यांनी प्यायलं. मी पण ओंजळभर प्याले आणि तिथंच बसून रडले. लोकांना वाटलं गुडघा दुखतोय. दुखत होताच.

हे सकाळी स्वतः हंडा घेऊन पंपावर जातात. रांग लावतात आणि स्वतः शेवटी उभे राहतात. शिट्टी अजून माझ्याकडं आहे.

परवा पाहणीवाला आला, तोच, मागच्या साली खुर्चीवर बसवलेला. पंप बसल्यावर पुन्हा पाहणी करायची असते म्हणे. हे त्याला घरोघर हिंडवत होते, बसू म्हणून देईनात. आमच्या दारात आला तसा त्यानं फॉर्म काढला आणि यांना विचारलं, हवालदार, पाणी किती लांब आहे?

हे छाती काढून उभे राहिले. मला वाटलं, झालं. पण हे बाजूला सरकले आणि म्हणाले, "मला काय इचारताय? इतकी वर्सं आनलंय कुनी? हिला इचारा."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. जया, कागद घेतलेल्या माणसानं मला पहिल्यांदाच काही विचारलं. मी हात पदराला पुसले आणि सांगितलं, "दारातच हाय."

तुझी काकू,
चंद्रकला